अलक आणि तापलेला चिमटा

मुद्दाम कुरळे केलेल्या केसांना विलायती थेर म्हणून नाक मुरडणारांनीं मंगरूळपीरच्या शेजारचें वाशीम आठवावें. तेंच वाकाटकांचें वत्सगुल्म. तेथील राजा हरिषेण याचा प्रधान वराहदेव यानें पांचव्या शतकांत अजिंठ्याचें सोळावें लेणें कोरविलें. त्याच सुमाराच्या पहिल्या लेण्यांतील चित्रांत पद्मपाणीच्या खांद्यांवर कुरळ्या बटा रुळत आहेत, आणि तो तर पुरुष! अशा बटा साऱ्याच उपजत नसत. अमरकोश अलकांना 'चूर्णकुंतल' म्हणतो; चूर्णाचा लेप लावून वळविलेले केस, असा त्याचा अर्थ पंडित लावतात. पॅरिसच्या मार्सेल ग्रातोनें तापलेल्या चिमट्यानें केसांत लाटा पाडल्या त्या १८७२ च्या सुमारास. ती लाट पाणी लागतांच मोडते. ओल्या केसांच्या बारीक वेण्या वाळवून सोडण्याच्या घरगुती रीतीचेंही तसेंच.