एका खेपेचें टपाल

पुण्याच्या नैर्ऋत्येस, मुठेच्या कांठीं वसलेलें कर्वेनगर आज शहराच्या भर वस्तींत मोडतें. त्याचें जुनें नांव हिंगणें बुद्रुक. १९०० सालीं महर्षि धोंडो केशव कर्वे यांनीं आपला अनाथ बालिकाश्रम तेथें नेला, तेव्हां तें शहराबाहेरचें आडगांव होतें. फर्ग्युसन महाविद्यालयांतील गणिताचें अध्यापन आटोपून कर्वे पायीं हिंगण्यास जात आणि आश्रमास लागणारें सामान बरोबर नेत. वाट लांब आणि कच्ची असली म्हणजे माणूस आपोआप एक शहाणपण शिकतो. जें न्यावयाचें व जें आणावयाचें त्याची यादी आधींच करून ठेवावी आणि सर्व काम एका खेपेंत उरकावें, हें तें शहाणपण.

त्याच हिंगण्यांत कर्व्यांच्या संस्थेनें १९९१ सालीं मुलींसाठीं अभियांत्रिकी महाविद्यालय काढलें. त्या सुमारास मध्यमवर्गीय घरांतून संगणक क्वचित् कोठें दिसूं लागला होता. परंतु एका घरच्या संगणकापासून दुसऱ्या संगणकापर्यंत जाणारी वाट हिंगण्याच्या जुन्या वाटेसारखीच बिकट होती. ती टेलिफोनच्या तारेवरून जाई, आणि त्या तारेचें भाडें मिनिटांवर मोजलें जाई. या वाटेनें पत्रें व चर्चेचे लेख एका खेपेंत आणावयाचे, तार सोडून द्यावयाची आणि मग घरीं स्वस्थपणें वाचीत बसावयाचें, अशी एक युक्ति त्या काळीं निघाली. तिलाच ऑफलाइन वाचन म्हणत. आज ती जवळजवळ विस्मृतींत गेली आहे. परंतु तिच्याबरोबर काय गेलें याचा विचार व्हावयास हवा.

युक्तीचा उगम अमेरिकेंतला. बेल प्रयोगशाळेंतील माइक लेस्क यांनीं १९७६ सालीं यूयूसीपी नांवाची आज्ञावली रचली. एका संगणकानें दुसऱ्यास टेलिफोन करावा, त्याच्यासाठीं साठलेलीं पत्रें द्यावीं, आपलीं घ्यावीं आणि टेलिफोन खालीं ठेवावा, एवढेंच तिचें काम. १९७९ सालीं ड्यूक विद्यापीठांतील टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस या विद्यार्थ्यांनीं त्याच पायावर युजनेटची कल्पना मांडली. पत्र एका माणसास जातें. युजनेटवरील लेख एका विषयाच्या समूहास जाई. लेख आला कीं प्रत्येक संगणक त्याची प्रत शेजारच्या संगणकास देई, आणि रामायणाची कथा गांवोगांव पसरावी तसा तो देशोदेशीं पसरे.

हौशी लोकांनींहि आपली वाट काढली. १९७८ च्या फेब्रुवारींत शिकागो येथें वॉर्ड क्रिस्टेन्सन व रँडी स्यूस यांनीं घरगुती संगणकावर पहिला संदेशफलक उघडला. कोणीहि टेलिफोन करून त्यावरील मजकूर वाचावा आणि आपला लिहावा, अशी सोय होती. १९८४ सालीं टॉम जेनिंग्ज यांनीं अशा फलकांना जोडणारें फिडोनेट सुरू केलें. टेलिफोनचे दर उतरले म्हणजे रात्रीं एक फलक दुसऱ्यास टपाल देई. परंतु बहुतेक फलकांना टेलिफोन एकच असे. एक गृहस्थ निवांतपणें वाचीत बसले कीं दुसऱ्या सर्वांना तार गुंतलेली मिळे. म्हणून १९८७ सालीं मार्क हेरिंग यांनीं ‘क्यूडब्ल्यूके’ नांवाची थैली तयार केली. फलकावरील नवा मजकूर एका फाइलींत बांधून द्यावयाचा, वाचकानें ती घरीं सोडावयाची आणि उत्तरांची थैली दुसऱ्या खेपेस परत आणावयाची. टपालाच्या थैलीचीच ही पद्धति होती. फक्त हरकाऱ्याची जागा टेलिफोननें घेतली.

हिंदुस्थानांत ही वाट प्रथम संशोधन संस्थांना मिळाली. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यानें १९८६ सालीं अर्नेट हें जाळें हातीं घेतलें. १९८७ सालीं मुंबईंतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आयआयटी यांच्यामध्यें टेलिफोनवरून यूयूसीपीचें टपाल सुरू झालें. या केंद्राचे संचालक श्रीनिवासन् रमणी यांचा या कामांत मोठा वांटा होता. पुण्यांत जयंत नारळीकर यांनीं १९८८ सालीं स्थापिलेल्या आयुका या संस्थेलाहि पुढें अर्नेटचा पत्ता मिळाला, आणि पुण्याचा खगोलशास्त्रज्ञ परदेशांतील सहकाऱ्याशीं हवाई डाकेची वाट न पाहतां बोलूं लागला.

संस्थेबाहेरच्या माणसास मात्र हें दार बंद होतें. त्याच्यासाठीं कांहीं हौशी मंडळींनीं संदेशफलक चालविले. बेळगांवांत वाढलेले अतुल चिटणीस यांनीं १९८९ च्या सुमारास बंगलोरास ‘सिक्स’ नांवाचा फलक उभारला. मुंबईंतहि असे फलक निघाले. पुण्याच्या माणसास मुंबईचा फलक वाचावयाचा तर ट्रंकेचा खर्च येई. म्हणून तो रात्रीं दर चौथाईवर उतरण्याची वाट पाही, थैली उतरवून घेई आणि सकाळीं चहाबरोबर वाची. पुढें दूरसंचार खात्यानें अशा सेवांना जबर परवानाशुल्क लावण्याचें धोरण धरलें, आणि हौसेनें चाललेलीं हीं कामें अडचणींत आलीं.

१५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथें इंटरनेट सर्वांस खुलें केलें. थोड्याच काळांत पुण्याचाहि नंबर लागला. चित्रें दाखविणाऱ्या पूर्ण जोडणीचा दर खाजगी माणसास वर्षाला १५,००० रुपये होता, आणि त्यांत २५० तास मिळत. विद्यार्थ्यांना ५०० रुपयांत नुसत्या अक्षरांची जोडणी मिळे. टेलिफोनचा मीटर याहून निराळा.

या आंकड्यांत ऑफलाइन वाचनाचें सर्व मर्म सांठविलें आहे. १५,००० रुपयांना २५० तास म्हणजे तासाला ६० रुपये, मिनिटाला एक रुपया. त्या वेळच्या जोडणीचा वेग सेकंदाला ९,६०० बिट होता. एका अक्षरामागें सुमारें १० बिट धरले तर सेकंदाला ९६० अक्षरें येत. साठ हजार अक्षरांचा मजकूर, म्हणजे छापील पुस्तकाचीं पंचवीसेक पानें, एका मिनिटाहून थोड्याच अधिक वेळांत उतरे. तींच पानें वाचावयास पाऊण तास लागतो. तार धरून वाचलें तर पंचेचाळीस रुपये. थैली आणून वाचलें तर रुपया-सव्वा रुपया. मजकूर आधीं दाबून लहान केला तर खर्च त्याच्याहि निम्म्यावर येई. ज्या घरांत महिन्याचा हिशेब वहींत लिहिला जात असे, त्या घरांतील मुलास हें गणित कोणी शिकवावें लागत नसे.

परंतु ही सोय घरच्या संगणकावर बसविणें सोपें नव्हतें. पहिली अडचण मोडेमची. पुष्कळ जुन्या एक्स्चेंजांना बटणांचे सूर कळत नसत. मोडेमला जुन्या चकतीच्या टेलिफोनसारखे ठोके देऊन नंबर फिरविण्याची आज्ञा द्यावी लागे. दुसरी अडचण संगणकाच्या आंतली. उंदीर आणि मोडेम यांनीं लक्ष वेधण्याची एकच खूण वापरली कीं दोघेहि अडखळत. जुन्या यंत्रांतील ग्राहक चिप एका वेळीं एकच अक्षर धरून ठेवी. संगणक क्षणभर दुसऱ्या कामांत गुंतला कीं अक्षर हरवे. सोळा अक्षरें सांठविणारी नवी चिप बसविली म्हणजे ही तक्रार मिटे. तार मध्येंच तुटली तर अर्धी थैली वायां जाई. चक फोर्सबर्ग यांनीं १९८६ सालीं काढलेल्या झेडमोडेम पद्धतीनें जेथें तुटलें तेथूनच पुढें सुरू करतां येऊं लागलें, आणि खराब तारांच्या गांवीं ती मोठीच उपकारक ठरली.

मग वाचकाची आज्ञावली बसवावयाची. युजनेटच्या लेखांसाठीं ऱ्हिस वेदरली यांनीं ‘सूप’ नांवाची थैली आंखली होती, आणि चिन हुआंग यांची ‘यार्न’ ही आज्ञावली ती थैली डॉसवर सोडून वाचावयास देई. डॉसमध्यें फाइलीचें नांव आठ अक्षरें आणि शेपूट तीन अक्षरें यांपलीकडे जात नसे. समूहांचीं लांबलचक नांवें त्यांत बसणार कशीं? शिवाय प्रत्येक लेखाची निराळी फाइल केली तर दोन ओळींचा लेखहि डिस्कवर कित्येक हजार अक्षरांची जागा अडवी. म्हणून चांगला वाचक सर्व लेख एकत्र ठेवी, बाजूला सूची राखी आणि ठराविक दिवसांनंतर जुने लेख काढून टाकी. संगणकास स्थानिक वेळ सांगावी लागे, आणि तेथें एक गंमत होती. हिंदुस्थानची वेळ ग्रीनिचच्या साडेपांच तास पुढें. पण ही खूण पूर्वेकडील देशांना वजाबाकीचें चिन्ह लावी. अधिकाचें चिन्ह घालणाऱ्याचीं पत्रें अकरा तास चुकीच्या वेळेचीं निघत.

इतकें जमल्यावर जी थैली उघडे, तींत मराठी माणसासाठीं कांहीं निराळेंच असे. १९९० नंतरच्या दशकांत युजनेटवर मराठी संस्कृतीचा स्वतंत्र समूह होता. त्यांत अमेरिकेंतील मराठी विद्यार्थी, मुंबई-पुण्याचे वाचक, नाटकाचे रसिक आणि पाककृति विचारणाऱ्या गृहिणी एकत्र येत. पण लिपि कोठली आणावयाची? युजनेटवरून निर्धास्तपणें जाणारीं अक्षरें इंग्रजीचींच. पुण्यांतील सी-डॅकनें देवनागरीसाठीं जिस्ट हें साधन पुरविलें होतें खरें, परंतु तें ज्याच्या यंत्रांत होतें त्यालाच तीं अक्षरें दिसत. समुद्रापलीकडील वाचकास दिसत नसत. म्हणून मराठी रोमन अक्षरांत लिहिली जाई. अविनाश चोपडे यांनीं १९९१ सालीं काढलेल्या आयट्रान्स पद्धतीनें या लेखनास शिस्त आणली: लहान टी म्हणजे त, मोठा टी म्हणजे ट, लहान एन म्हणजे न, मोठा एन म्हणजे ण. असा मजकूर त्या आज्ञावलींत घातला कीं देवनागरी छापून निघे.

या सर्व खटाटोपाचा लेखनावरहि परिणाम झाला. उत्तर तत्काळ जात नसे. तें दुसऱ्या खेपेच्या थैलींत पडे. रागानें लिहिलेलें उत्तर रात्रभर घरींच राही, आणि सकाळीं तें खोडण्याची किंवा सौम्य करण्याची संधि मिळे. युजनेटवर भांडणें झालींच नाहींत असें नव्हे. तीं पुष्कळ झालीं. तरीहि थैलीच्या वाचकास विचार करावयास जो अवधि मिळे, तो त्यानें मागितला नव्हता. टेलिफोनच्या बिलानें तो त्यास दिला होता. याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं वाचलेल्या प्रत्येक लेखाची प्रत वाचकाच्या घरीं, त्याच्या डिस्कवर वा फ्लॉपीवर राहत असे. ती ठेवावी कीं टाकावी, हें तो स्वतः ठरवी.

नोव्हेंबर १९९८ मध्यें विदेश संचार निगमाची मक्तेदारी संपली, खाजगी कंपन्या आल्या, दर कोसळले. पुढें तार दिवसरात्र जोडलेली राहूं लागली आणि थैलीचें कारणच उरलें नाहीं. ही उन्नति होय, यांत शंका नाहीं; मिनिटाला रुपया मोजण्याच्या दिवसांबद्दल हळहळण्याचें प्रयोजन नाहीं. परंतु वाचक तारेवरच वाचूं लागला तेव्हां प्रतहि तारेच्या पलीकडच्या टोकास राहिली. युजनेटचे लेख १९९५ पासून डेजा न्यूज या कंपनीनें सांठविले. २००१ सालीं गूगलनें तो सांठा विकत घेऊन त्यांत १९८१ पर्यंतचे जुने लेख मिळविले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्यें नवे लेख घेणें बंद केलें. जें वाचलें तें असें परक्याच्या मर्जीनें वाचलें. संदेशफलकांना तेंहि भाग्य लाभलें नाहीं. फलक चालविणाऱ्याची डिस्क निकामी झाली कीं त्यावरील मजकूर गेला. खाजगी पत्रांचें तर विचारावयासच नको. परदेशीं गेलेल्या मुलानें हवाई पत्रानें लिहिलेला मजकूर आईच्या पेटींत अजून सांपडतो. पण त्यानेंच १९९६ सालीं संगणकावरून धाडलेलें पत्र बहुधा कोठेंच सांपडत नाहीं.

सांपडलें तर तें एखाद्या जुन्या थैलींतच सांपडेल. या थैल्या बांधणारांनीं त्यांची रचना साधी ठेविली होती: क्यूडब्ल्यूकेंतील मजकूर १२८ अक्षरांच्या सरळ तुकड्यांत मांडलेला असे, सूपमध्यें तर साधी अक्षरेंच असत. मूळ आज्ञावली मिळाली नाहीं तरी तो आजहि वाचतां येतो. अडचण आहे ती फ्लॉपीची. तिच्यावरील चुंबकीय लेप वर्षांगणिक क्षीण होतो, आणि ती वाचणारीं यंत्रें दुर्मिळ होत चाललीं आहेत. म्हणून पुण्यामुंबईच्या ज्या घरांत माळ्यावर अशा फ्लॉप्यांचा डबा पडला असेल, तेथील मंडळींनीं तो रद्दींत देण्यापूर्वीं कोणा जाणत्याकडून त्यांच्या प्रती उतरवून घ्याव्या. मराठी माणूस संगणकावर प्रथम कसा लिहूं लागला, याचा पुरावा त्यांतच असण्याचा संभव आहे. तो आणण्यास आतां एकच खेप उरली आहे, आणि ती लवकर करावयास हवी.