नोकरी धरली तर सैनिकाची अपंगत्व पेन्शन बंद होते का?

नाही. गोंडपिपरीला परतलेल्या जखमी जवानाने नोकरी धरली तरी ही पेन्शन सुरूच राहते. ती कमाई पाहून नव्हे, सेवेमुळे आलेल्या अपंगत्वासाठी मिळते.

टक्केवारी वाढवून घ्यावी का?

आधी हिशोब करा. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या मासिक वेतनाच्या ३० टक्के रक्कम मिळते. ‘ब्रॉड बँडिंग’ लागू असेल तर २० ते ४९ टक्के अपंगत्व ५० धरतात, ५० ते ७५ टक्के ७५ आणि त्यापुढचे १००. वेतन ४०,००० असेल तर ५० टक्क्यांना ६,००० आणि ७५ टक्क्यांना ९,००० रुपये. म्हणजे ३० चे ४० टक्के झाले तरी हाती काही वाढत नाही. ४५ चे ५५ झाले तर महिना ३,००० वाढतात. २१ सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त झालेल्यांना नवे नियम लागू आहेत.

मग नोकरीचे काय?

राज्य शासनाच्या गट क आणि ड पदांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. फेरतपासणीच्या निकालासाठी भरतीची जाहिरात थांबत नाही. दोन्ही अर्ज एकाच वेळी करता येतात. मार्गदर्शन चंद्रपूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळते.