अमेरिकेत बदकांची शिकार शिकताना पहिला धडा बंदुकीचा का नसतो?

हिवाळा आला की फीडमध्ये एक ठरावीक रील फिरायला लागतं. पहाटेचा अंधार, गुडघाभर पाण्यात उभी चार माणसं, अंगावर सुक्या गवताच्या रंगाचे कपडे, शेजारी एक लॅब्रॅडॉर. एकजण तोंडातल्या शिट्टीने बदकाचा आवाज काढतो, थवा वळतो, धाड धाड आवाज येतो आणि कुत्रा पाण्यात झेप घेतो. खाली कमेंट्समध्ये कुणी लिहितं, "बिचारी बदकं." कुणी विचारतं, "भावा, हे आपल्याकडे उजनीला चालेल का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊ. नाही, चालणार नाही. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार रानबदकांची शिकार हा गुन्हा आहे. त्यासाठी ३ वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. अभयारण्यात केली तर शिक्षा आणखी कडक.

पण अमेरिकेत ही शिकार कायदेशीर आहे आणि दरवर्षी हजारो नवखे लोक ती शिकतात. त्यांना नेमकं काय शिकवलं जातं, ते समजून घेऊ.

नियम एवढे कडक का आहेत?

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बदकं बाजारात विकण्यासाठी मारली जायची. छोट्या होडीवर तोफेसारखी मोठी बंदूक बसवून एका बारात डझनावारी पक्षी पाडले जात. पुढे लाकडी ढोलीत घरटं करणारं 'वूड डक' इतकं कमी झालं की त्याची शिकार कित्येक वर्षं पूर्ण बंद ठेवावी लागली.

यातून १९१८ साली स्थलांतरित पक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा आला. तेव्हापासून बदकं कधी, कुठे आणि किती मारायची याची चौकट केंद्र सरकार ठरवतं. त्या चौकटीत राहून प्रत्येक राज्य आपला हंगाम जाहीर करतं.

सुरुवात कुठून होते?

बहुतेक राज्यांत आधी शिकारी सुरक्षेचा कोर्स पूर्ण करावा लागतो. मग राज्याचं लायसन्स, स्थलांतरित पक्ष्यांसाठीची वेगळी नोंदणी आणि वय १६ किंवा जास्त असेल तर 'डक स्टॅम्प'. हा स्टॅम्प २५ डॉलरचा असतो.

यातला एक कागद जरी नसला तरी पाण्यावर जाता येत नाही. वनरक्षक थेट चिखलात उतरून कागद, बंदूक आणि मारलेले पक्षी तपासतात.

पहिला धडा : ओळख

नवख्याची सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधी बंदूक घेणं आणि मग पक्षी शिकणं. अनुभवी लोक उलट सांगतात. आधी दुर्बीण घ्या.

कारण मर्यादा फक्त एकूण आकड्याची नसते, ती जातीवर आणि कधी कधी नर-मादीवरही ठरते. उदाहरणार्थ, मिसिसिपी नदीच्या पट्ट्यात अलीकडच्या हंगामांत एका शिकाऱ्याला दिवसाला ६ बदकांची परवानगी आहे. त्यात मॅलार्ड जास्तीत जास्त ४, आणि त्या चारांत माद्या फक्त २. मॅलार्डचा नर हिरव्या डोक्याचा, मादी तपकिरी. पण तपकिरी माद्या अनेक जातींत असतात आणि शिकारीची वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरू होते. त्या उजेडात रंग दिसतच नाहीत.

म्हणून रंगापेक्षा आकार, उडण्याची ढब आणि आवाज शिकायचा. टील छोटं असतं, दाट थव्यात वेगाने वळणं घेत जातं. पिनटेलची मान बारीक लांब आणि शेपटी टोकदार. शॉव्हलरची चोच फावड्यासारखी. मॅलार्डमध्ये मोठ्याने 'क्वॅक' करते ती मादी, नराचा आवाज घोगरा आणि दबका असतो.

चूक किती महागात पडू शकते? 'स्नो गूज' हा पांढरा हंस, पंखांची टोकं काळी. त्याच्या शिकारीला परवानगी आहे. 'व्हूपिंग क्रेन' हा क्रौंचही पांढरा आणि त्याच्याही पंखांची टोकं काळी. १९४१ साली हे क्रौंच जेमतेम वीस-बावीस उरले होते. आजही तो अत्यंत दुर्मिळ आहे आणि तो मारणं हा गंभीर गुन्हा आहे. फरक असा की क्रौंचाचे लांब पाय उडताना शेपटीच्या मागे दिसतात आणि पंख संथ हलतात. हंसाचे पाय दिसत नाहीत आणि पंखांची हालचाल वेगवान असते. हे ओळखायला दोन-तीन सेकंद मिळतात.

त्यामुळे नियम सोपा आहे. खात्री नसेल तर चाप ओढायचा नाही. थवा निघून गेला तर जाऊ द्यायचा.

बंदूक, छर्रे आणि अंतर

बदकांसाठी छर्ऱ्यांची बंदूक, म्हणजे शॉटगन वापरतात. तिच्यात एका वेळी तीनच काडतुसं बसली पाहिजेत. जास्त बसत असतील तर आत अडसर घालावा लागतो.

शिशाच्या छर्ऱ्यांवर १९९१ पासून देशभर बंदी आहे. बदकं अन्न दळण्यासाठी बारीक खडे गिळतात. तळाच्या चिखलात पडलेले शिशाचे छर्रेही ती खडे समजून गिळायची आणि विषबाधेने मरायची. अशी बदकं खाणाऱ्या गरुडांनाही ते शिसं बाधायचं. म्हणून आता पोलादाचे किंवा दुसऱ्या बिनविषारी धातूचे छर्रे वापरतात.

पोलाद शिशापेक्षा हलकं असल्याने त्याचा जोर लवकर ओसरतो. म्हणून नवख्याने ३० मीटरच्या पलीकडे बार टाकू नये. लांबून मारलेला पक्षी बऱ्याचदा मरत नाही, जखमी होऊन वेतात शिरतो आणि तिथे तडफडत राहतो. अंतर कळावं म्हणून काहीजण नकली बदकांतलं शेवटचं बदक मुद्दाम ३० मीटरवर ठेवतात. त्याच्या पलीकडचा पक्षी आपला नाही.

नकली बदकं आणि वारा

पाण्यावर ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या बदकांना 'डिकॉय' म्हणतात. बदकं वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उतरतात. म्हणून शिकाऱ्याने वारा पाठीवर घेऊन लपणात बसायचं आणि डिकॉयच्या मध्ये उतरण्यापुरती मोकळी जागा सोडायची. डझनभर डिकॉय नवख्याला पुरतात.

शिट्टी मात्र जपून. सतत वाजवली तर थवा सावध होतो. वर बघणारा पांढरा चेहराही बदकांना लांबून दिसतो, म्हणून मान खाली ठेवायची. रेकॉर्ड केलेला आवाज लावणं, धान्य टाकून पक्ष्यांना बोलावणं किंवा जिवंत बदकं बांधून ठेवणं बेकायदेशीर आहे.

जिवाचा धोका पाण्याचाही

गोळीइतकंच भय थंड पाण्याचं असतं. छातीपर्यंत येणाऱ्या रबरी पँटला 'वेडर्स' म्हणतात. पाय घसरला की त्यात पाणी भरतं आणि उठणं अवघड होतं. म्हणून कमरेला पट्टा घट्ट बांधायचा, होडीत लाइफ जॅकेट घालायचं, एकट्याने जायचं नाही आणि कुठे जातोय ते घरी सांगून निघायचं.

लपणात प्रत्येकाने कुठल्या दिशेला बार टाकायचा ते आधीच ठरतं. थव्यामागे बंदूक फिरवत शेजाऱ्याच्या डोक्यावर न्यायची नाही. पाण्यालगत उडणाऱ्या पक्ष्यावरही बार टाकत नाहीत, कारण छर्रे पाण्यावरून उसळतात आणि समोर कुत्रा असू शकतो.

पक्षी पडल्यावर काय?

तो शोधून आणण्याचा प्रामाणिक प्रयत्न करणं कायद्याने बंधनकारक आहे. कुत्रा असतो तो यासाठी. घरी नेताना पक्ष्याचं डोकं किंवा एक पंख तसाच ठेवावा लागतो, म्हणजे तपासणीत जात कळते. आणि तो विकता येत नाही. खायचा असेल तरच मारायचा, ही तिथली रीत.

२५ डॉलर जातात कुठे?

डक स्टॅम्प १९३४ साली सुरू झाला, तेव्हा किंमत होती १ डॉलर. पहिल्या स्टॅम्पवरचं चित्र 'डिंग' डार्लिंग या पुलित्झर विजेत्या व्यंगचित्रकाराने काढलं होतं. स्टॅम्पच्या प्रत्येक डॉलरमधले ९८ सेंट पाणथळ जागा विकत किंवा भाड्याने घेऊन राखण्यासाठी जातात. आतापर्यंत ६० लाख एकरांहून जास्त जमीन यातून वाचली आहे. शिकार न करणारे पक्षीप्रेमीही हा स्टॅम्प विकत घेतात.

पक्षी मारून पक्षी वाचवणं पटतं का, यावर अमेरिकेतही वाद आहे. पण तळं बुजलं तर शिकारी आणि पक्षीनिरीक्षक दोघांचंही नुकसान, यावर कुणाचं दुमत नाही.

अमेरिकेतल्या मराठी वाचकांसाठी

एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर मित्राची बंदूक हातात घेण्याआधी थांबा. अशा व्हिसावर बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार लायसन्स असेल तर अपवाद मिळतो, पण राज्याचे नियम वेगळे असू शकतात. आधी वकिलाला विचारा. इथे चूक झाली तर फटका व्हिसाला बसतो.

आणि आपल्याकडे?

राजस्थानातल्या भरतपूरला १९३८ साली, व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत, एका दिवसात ४ हजारांहून जास्त पक्षी मारले गेले होते. आज तिथे केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे आणि लोक कॅमेरे घेऊन जातात.

'महाराष्ट्राचं भरतपूर' म्हणतात ते नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर. ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. वर सांगितलेला शॉव्हलर, म्हणजे आपला थापट्या, आणि पिनटेल ही दोन्ही बदकं हिवाळ्यात तिथे येतात. जात तीच जी अमेरिकेत दिसते. पहाटे जा, दुर्बीण लावा आणि रंग न बघता फक्त उडण्यावरून ती ओळखता येतात का बघा. तिथल्या नवख्या शिकाऱ्याचा पहिला धडा हाच असतो आणि त्यासाठी बंदूक लागत नाही.