घड्याळ, पट आणि पैज

कोंढा हे भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातलं धानाचं गाव. इथून मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स फार दूर. हैदराबादचं मलकपेठ त्याहून जवळ, पण तेही शेकडो किलोमीटरवर. तरीही शर्यत म्हणजे काय, हे झाडीपट्टीतल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. धान घरात आलं की शंकरपट भरतात. दिवसा पट, रात्री नाटक, असा हा हिवाळा असतो. विदर्भात पटाच्या दोन रीती आहेत. एकीत दोन जोड्या शेजारी-शेजारी धावतात आणि पुढची जिंकते. दुसरीत एकेक जोडी एकटी सुटते आणि निकाल घड्याळ देतं. घोड्यांच्या शर्यतीत वेळेवरून पैज लावण्याचा इतिहास मी शोधू लागलो, तो या दुसऱ्या रीतीमुळे.

पटाच्या वेळा वहीत टिपताना एक गोष्ट लवकर ध्यानात येते. सकाळी दवाने माती दबलेली असते, दुपारी ती भुसभुशीत होते, आणि संध्याकाळपर्यंत शेकडो खुरांनी तिचा पार चुरा झालेला असतो. तीच जोडी, तेच अंतर, पण वेळ निराळी. मग घड्याळ खरं की खोटं? रेसकोर्सवरही हाच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर मिळायला फार काळ गेला.

मुंबईत संघटित शर्यती एकोणिसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाल्या. आधी मैदान भायखळ्याला होतं. १८८३ साली महालक्ष्मीचं रेसकोर्स झालं. त्या शतकात इथे अरबी घोड्यांचा मोठा जोर होता. इंडियन डर्बी १९४३ सालची. पहिली जिंकली ती बडोद्याच्या महाराजांच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या घोडीने. पण या काळात घोड्याची पारख होई ती कुळावरून, जॉकीवरून आणि कोणी कोणाला किती वजनाने हरवलं यावरून. ही वजनाची परंपरा इंग्लंडची. तिथे अ‍ॅडमिरल राऊस यांनी वयानुसार वजनाचं कोष्टक बसवलं. आपल्याकडचं हँडिकॅप आजही त्याच कुळातलं आहे: प्रत्येक घोड्याला एक आकडा दिला जातो आणि आकड्यातल्या एका अंकाच्या फरकाला अर्धा किलो वजन पडतं. ४० आकड्याच्या घोड्याशी ६० चा घोडा धावला तर त्याच्या पाठीवर १० किलो जास्त.

या आकड्यात घड्याळाला मुख्य जागा नव्हती. जुन्या इंग्रज जाणकारांचा वेळेवर विश्वासच नव्हता, आणि त्यांचं अगदी चुकत होतं असं मी म्हणणार नाही. कच्ची वेळ खरोखरच फसवते. ती दुरुस्त करता येते, हे इंग्लंडात फिल बुल या गणिताच्या शिक्षकाने दाखवलं; त्याने १९४८ साली टाइमफॉर्म ही संस्था काढली. अमेरिकेत पत्रकार अँड्र्यू बेयर याने १९७५ च्या ‘पिकिंग विनर्स’ या पुस्तकात हीच वाट सामान्य पैजकऱ्याला मोकळी करून दिली.

युक्ती साधी आहे. समजा, १२०० मीटर एक घोडा ७२ सेकंदांत धावला आणि दुसरा दुसऱ्या दिवशी ७१ सेकंदांत. दुसरा बरा वाटतो. पण त्या दिवशीच्या सगळ्याच शर्यती नेहमीपेक्षा दीड सेकंद वेगाने झाल्या असतील आणि पहिल्या दिवशी मैदान नेहमीसारखं असेल, तर दुसऱ्याची खरी किंमत साडेबहात्तर सेकंद. म्हणजे पहिलाच अर्ध्या सेकंदाने सरस. एका सेकंदात पाच-सहा घोड्यांची लांबी मावते, तेव्हा हा अर्धा सेकंद लहान नव्हे. दिवसाचा वेग वजा करून उरतो तो वेगाचा आकडा. पटाच्या मातीचा प्रश्न असाच सुटतो. फक्त आपल्याकडे तो कोणी कागदावर मांडत बसत नाही.

हा आकडा ज्याने घरी बसून काढला, त्याला काही वर्षं चांगली गेली. कारण इतरांकडे तो नव्हता. १९९२ पासून बेयरचे आकडे ‘डेली रेसिंग फॉर्म’मध्ये छापून येऊ लागले आणि चित्र पालटलं. आकडा खरा राहिला, पण सगळ्यांना दिसणाऱ्या चांगल्या घोड्याचा भाव लगेच उतरू लागला. पैजेत घोडा बरोबर निवडणं पुरत नाही. भाव चुकलेला असावा लागतो. हे न ओळखता आकड्यांच्या मागे धावणारे मला इतिहासात फार भेटले.

आपल्या न्यायालयांनी या विद्येची दखल घेतली आहे. १९९६ साली लक्ष्मणन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला. पटाची वाट वेगळी: २०१४ च्या निकालाने तो बंद पडला, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. खुला झाला तो पट. त्यावरची पैज नव्हे.

पण कौशल्य आहे म्हणजे नफा आहे, असं न्यायालय म्हणालं नाही. नफ्याचा हिशोब १९५६ साली जॉन केली या अमेरिकी शास्त्रज्ञाने मांडला: आपल्या बाजूचा फायदा भावाने भागावा आणि गाठीच्या रकमेचा तेवढाच हिस्सा लावावा. फायदा शून्य, तर पैजही शून्य. शिस्त म्हणतात ती हीच; तिला मनाचा निग्रह कमी आणि भागाकार जास्त लागतो.

आता हा भागाकार आजच्या महाराष्ट्रात करून पाहू. तुमच्या आकड्यांनुसार घोडा चारातून एकदा जिंकेल आणि भाव एकास चार आहे, म्हणजे जिंकल्यास १०० चे ५०० हातात. सरासरी १०० मागे १२५ येतात. पंचवीस टक्क्यांची आघाडी म्हणजे जाणकाराच्या आयुष्यातली दुर्मीळ संधी. पण पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता. तो वर भरायचा धरला तर १२८ घालून १२५ येत. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर ४० टक्के झाला आहे, म्हणजे १४० घालून तेच १२५. केलीच्या सूत्रात हे आकडे घातले की उत्तर शून्याच्याही खाली जातं.