लिस्बनमधील एक थांबा

फातिमाच्या यात्रेस जाणारी आपली कुटुंबे लिस्बनसाठी एखादा दिवस राखतात. बेलेमचा जेरोनिमोस मठ, तेथील वास्को द गामाची कबर, कथीड्रलजवळील संत अंतोनीचे जन्मस्थान ही स्थळे आपण अवश्य पाहावीत. संत फ्रान्सिस झेवियर ७ एप्रिल १५४१ रोजी याच शहरातून हिंदुस्थानाकडे निघाले. वसईवरही १५३४ ते १७३९ पर्यंत याच पोर्तुगीज सत्तेचा अंमल होता. हा वारसा आपण अभिमानाने सांगतो. म्हणूनच आणखी एक थांबा आपण वगळू नये, असे आम्हांस वाटते.

रोसियो चौकालगत संत दोमिनिकचे चर्च आहे. १४९७ साली राजा मानुएलने ज्यूंना बळाने बाप्तिस्मा घ्यावयास लावला. १९ एप्रिल १५०६ रोजी, पुनरुत्थान सणानंतरच्या रविवारी, या चर्चमधील क्रूसावर प्रकाश दिसला; लोकांनी त्यास चमत्कार म्हटले. एका नवख्रिस्ती माणसाने शंका घेताच जमावाने त्यास ठार केले. धर्मबंधूंच्या चिथावणीने तीन दिवस कत्तल चालली. सुमारे दोन हजार, कदाचित त्याहूनही अधिक, माणसे मेली. मृत बहुतांशी बाप्तिस्मा झालेलेच होते.

१२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या पापांबद्दल देवाकडे क्षमा मागितली. २००८ साली चर्चसमोर मृतांचे स्मारक उभे राहिले. आत १९५९ च्या आगीने होरपळलेले खांब तसेच आहेत. बेलेमला जाण्यापूर्वी अर्धा तास येथे द्यावा, गुडघे टेकावेत आणि मुलांना ही हकिगत सांगावी.