मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम : व्यावसायिक वापरावरील परवान्याची बंधने

लिनक्स, फ्रीबीएसडी यांसारख्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम धंद्यासाठी वापरताना परवाना, ट्रेडमार्क आणि सेवाकरार यांतून येणाऱ्या अटी. नुसत्या वापराला सहसा आडकाठी नसते. अटी सुरू होतात त्या प्रत दुसऱ्याच्या हाती देताना. दुकानातल्या बिलिंगच्या संगणकावर किंवा बँकेच्या सर्व्हरवर डेबियनसारखे लिनक्स चालवायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि आपल्यापुरते केलेले बदलही कुणाला दाखवावे लागत नाहीत.

गंमत अशी की, लिनक्सचा पहिला परवाना आजच्याहून कडक होता. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्सने लिनक्सचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, प्रसिद्ध केला तेव्हा तो पैसे घेऊन वाटायला साफ मनाई होती. हाताळणीचा खर्चसुद्धा घेता येत नसे. १९९२ च्या सुरुवातीला त्याने जीपीएल हा परवाना स्वीकारला आणि विक्रीची वाट मोकळी झाली.

जीपीएलची मेख सोर्स कोडमध्ये आहे. दुसऱ्या आवृत्तीनुसार कंपनीने विकलेल्या यंत्रासोबत कोड द्यावा, नाहीतर मागेल त्याला तो देण्याची किमान तीन वर्षांची लेखी हमी द्यावी. टीव्ही किंवा राउटरच्या माहितीपुस्तिकेत शेवटी बारीक टायपात जे छापलेले असते आणि सहसा कुणी वाचत नाही, त्यात बऱ्याचदा हीच हमी असते. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्स असल्याचे २००३ मध्ये उघड झाले. दबाव वाढल्यावर कंपनीला कोड खुला करावा लागला. त्यातूनच पुढे ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्त प्रणाली उभी राहिली. २००४ मध्ये लिनक्समधल्या नेटफिल्टर या भागाचे एक कर्ते हाराल्ड वेल्टे यांच्या अर्जावर म्युनिचच्या न्यायालयाने जीपीएल न पाळणाऱ्या साइटकॉम कंपनीविरुद्ध मनाई हुकूम काढला. परवाना कोर्टात टिकतो, हे त्यावरून दिसले.

टिवो कंपनीने कोड दिला, पण बदललेला कोड तिच्या रेकॉर्डरवर चालू दिला नाही. जीपीएलच्या २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीने ही पळवाट बुजवली. कर्नल मात्र दुसऱ्याच आवृत्तीवर राहिला.

बीएसडी परवान्याला असले सोवळे नाही. सोनीच्या प्लेस्टेशन ४ ची प्रणाली फ्रीबीएसडीवर बेतलेली आहे. मूळ कर्त्यांची कॉपीराइट सूचना ठेवली की काम झाले.

आज खरी गाठ पडते ती करारांशी. लिनक्सचा व्यवसाय करणाऱ्या रेड हॅट कंपनीचा कोड मुक्त, पण नाव आणि बोधचिन्ह तिचे. म्हणून सेंटओएस या प्रकल्पाने ती काढून तीच प्रणाली फुकट पुरवली. पुढे हा प्रकल्प रेड हॅटकडेच आला आणि डिसेंबर २०२० मध्ये तिने सेंटओएस लिनक्स गुंडाळत असल्याचे जाहीर केले. जून २०२३ पासून आपल्या मुख्य प्रणालीचा नेमका कोड तिने ग्राहकांपुरता ठेवला. तो पुढे वाटणाऱ्या ग्राहकाचे सबस्क्रिप्शन करारानुसार बंद होऊ शकते. जीपीएलचे अक्षर यात पाळले गेले असेल. त्याच्या हेतूला मात्र बगल दिली गेली. सेंटओएसच्या जागी आलेल्या अल्मालिनक्सने जुलै २०२३ मध्ये रेड हॅटची हुबेहूब प्रत काढण्याचे उद्दिष्ट सोडून दिले.