ऑटो स्विच (कृषिपंप)

ऑटो स्विच हे खंडित झालेला वीजपुरवठा पूर्ववत झाल्यावर कृषिपंपाची मोटर माणसाच्या हाताशिवाय सुरू करणारे लहान विद्युत उपकरण होय. ते मोटरच्या स्टार्टरला जोडले जाते. ग्रामीण महाराष्ट्रात त्याला नुसते 'ऑटो' म्हणतात व ते कार्यान्वित करून ठेवण्याला 'मोटर ऑटोला टाकणे' असा शब्दप्रयोग रूढ आहे. साधा ऑटो काही शे रुपयांत मिळतो आणि गावातला कोणताही वायरमन तो अर्ध्या तासात बसवून देतो.

पुणे जिल्ह्यातील आंबेगाव व जुन्नर तालुक्यांसारख्या बागायती भागांत या उपकरणाभोवती एक जुना वाद आहे. रोहित्रे जळण्याचे एक कारण म्हणून ऑटो स्विच काढून टाकावेत, असे आवाहन महावितरण कंपनी वारंवार करते. दुसरीकडे, मध्यरात्री येणाऱ्या विजेसाठी अंधारात विहिरीपर्यंत जावे लागू नये म्हणून शेतकरी तो बसवतात. दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे आहे.

पार्श्वभूमी

आंबेगाव तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या डोंगररांगांत असून तेथे भरपूर पाऊस पडतो; पूर्वेकडे तो झपाट्याने कमी होत जातो. मंचरजवळचे अवसरी बुद्रुक हे गाव या पूर्वेकडील पट्ट्यात येते. घोड नदीवरील डिंभे धरण (जलाशयाचे नाव 'हुतात्मा बाबू गेनू सागर'), नदीवरील बंधारे, विहिरी आणि कूपनलिका यांच्या पाण्यावर या पट्ट्यात ऊस, कांदा, बटाटा व भाजीपाला ही पिके घेतली जातात. कालव्याचे पाणी उताराने शेतात येते. विहिरीचे व नदीचे पाणी मात्र मोटरने उचलावे लागते. त्यामुळे येथील शेतीचे वेळापत्रक पिकाइतकेच विजेवर ठरते.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना १९६० साली झाली. २००५ साली मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले. पुढची काही वर्षे राज्यात तीव्र भारनियमन होते. याच काळात अनेक ठिकाणी गावठाणाच्या व शेतीच्या वीजवाहिन्या वेगळ्या करण्यात आल्या. कृषी वाहिनीवर थ्री-फेज पुरवठा दिवसातून साधारण ८ ते १० तास आणि तोही चक्राकार पद्धतीने, म्हणजे आठवड्यातील काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री, अशी व्यवस्था रूढ झाली. मळ्यातील वस्त्यांवर दिवे लागावेत म्हणून उरलेल्या वेळेत बऱ्याच ठिकाणी सिंगल-फेज पुरवठा दिला जातो.

वेळापत्रक ठरलेले असले तरी मिळालेल्या तासांतही पुरवठा अनेकदा खंडित होतो. रात्री अकराला सुरू केलेली मोटर साडेबाराला बंद पडली आणि एकला 'लाईट' आली, तर ती कोणीतरी पुन्हा सुरू करावी लागते. ऑटो स्विचची गरज येथून निर्माण झाली.

रचना व कार्य

कृषिपंपाच्या डीओएल स्टार्टरमध्ये हिरवे बटण दाबले की आतील विद्युतचुंबकीय कॉइल भारित होते, संपर्क जुळतात आणि मोटर सुरू होते. बटण सोडल्यावरही एक साहाय्यक संपर्क कॉइलचा पुरवठा चालू ठेवतो. वीज गेली की कॉइल सुटते. वीज परत आल्यावर ती आपोआप ओढली जात नाही. ही त्रुटी नव्हे, हेतुपुरस्सर ठेवलेले संरक्षण आहे. बंद पडलेले यंत्र कोणाच्या नकळत सुरू होऊ नये, हा त्यामागचा विचार. ऑटो स्विच नेमके हेच संरक्षण बाजूला सारतो. तो पुरवठा परत आल्याचे ओळखतो, ठरावीक काळ थांबतो आणि हिरवे बटण दाबल्याचा परिणाम साधतो.

सर्वांत स्वस्त ऑटो तीनपैकी केवळ दोन फेजांमधील दाब पाहतो. तिसरा फेज नसला तरी त्याच्या दृष्टीने वीज आलेलीच असते. अशा वेळी मोटर सुरू करण्याचा प्रयत्न झाला तर ती फिरत नाही, नुसता घुमल्यासारखा आवाज करते, प्रमाणाबाहेर प्रवाह ओढते आणि थोड्याच वेळात तिचे वाइंडिंग जळते. स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले यापासून वाचवतो. पण 'सारखा ट्रिप होतो' म्हणून तो रिले वरच्या आकड्यावर फिरवून ठेवण्याची सवय सर्वत्र आढळते. मोटर 'भरण्याचा', म्हणजे नव्याने वाइंडिंग करण्याचा, खर्च ऑटोच्या किमतीच्या कित्येक पट असतो. वाचवलेले पैसे बहुधा येथे जातात.

रोहित्रावरील परिणाम

इंडक्शन मोटर सुरू होताना तिच्या पूर्ण भाराच्या प्रवाहापेक्षा साधारण ६ पट प्रवाह काही क्षण ओढते. एकट्या मोटरच्या बाबतीत ही गोष्ट किरकोळ आहे. प्रश्न उद्भवतो तो एका रोहित्रावर, म्हणजे गावच्या भाषेत एका 'डीपी'वर, अनेक मोटरी असल्यामुळे.

उदाहरणार्थ, ६३ केव्हीए क्षमतेच्या रोहित्राचा ४३३ व्होल्ट बाजूचा पूर्ण भाराचा प्रवाह सुमारे ८४ अँपिअर असतो. ५ अश्वशक्तीची मोटर चालू स्थितीत साधारण ७.५ अँपिअर घेते. अशा १० मोटरी चालू असताना प्रवाह ७५ अँपिअर होतो आणि रोहित्र तो सहज पेलते. याच १० मोटरी ऑटोवर असतील आणि वीज येताच एकाच क्षणी सुरू झाल्या, तर प्रवाह ४५० अँपिअरच्या घरात, म्हणजे क्षमतेच्या पाचपटींहून वर जातो. इतक्या प्रवाहाने दाब घसरतो. मोटरची फिरवण्याची ताकद दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे दाब ३० टक्के घसरला तर ती जवळपास निम्मी होते. परिणामी मोटरी वेग घ्यायला जास्त वेळ लावतात आणि तेवढा वेळ तो मोठा प्रवाह टिकून राहतो. फ्यूज उडतो, फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळलेली असेल तर तो उडत नाही आणि झळ थेट रोहित्राच्या वाइंडिंगला बसते. आकडे टाकून चालवलेल्या, नोंद नसलेल्या मोटरींनी रोहित्र आधीच भरलेले असेल तर हे अधिक लवकर घडते.

जळालेली डीपी बदलून येईपर्यंत तिच्यावरील सर्वांचे पाणी थांबते. ज्याने ऑटो बसवलेला नाही त्याचेही. प्रत्येकाने स्वतःपुरता केलेला शहाणा निर्णय एकत्र आल्यावर सर्वांच्या मुळावर येतो, असा हा प्रकार आहे. एकट्याने ऑटो काढून टाकला तरी डीपी वाचत नाही, फक्त त्याचे पीक वाळते. आवाहनांना प्रतिसाद का मिळत नाही, याचे उत्तर बहुतांशी येथे आहे.

महावितरण ऑटो काढण्याच्या आवाहनाबरोबरच कपॅसिटर बसवण्यासही सांगते. कपॅसिटरमुळे मोटर चालू असतानाचा वाहिनीवरील प्रवाह कमी होतो व दाब सुधारतो. ५ अश्वशक्तीच्या मोटरीला साधारण २ केव्हीएआर क्षमतेचा कपॅसिटर पुरतो. मोटरी एकदम सुरू होण्याचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही.

रात्रीचे सिंचन आणि बिबट्या

जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर या तालुक्यांचा समावेश होतो. उसाची दाट, उंच व वर्षभर उभी राहणारी शेते बिबट्यांना लपण्यास आणि पिले वाढवण्यास सोयीची ठरली. २००१ ते २००३ या काळात या भागात माणसांवरील हल्ल्यांत मोठी वाढ झाली आणि त्यानंतरही हा प्रश्न टिकून आहे. पकडलेले व जखमी बिबटे ठेवण्यासाठी जुन्नरजवळ माणिकडोह येथे निवारा केंद्र आहे. शेतीला दिवसा वीज द्यावी ही राज्यभरातील मागणी या तालुक्यांत म्हणून केवळ सोयीची राहिलेली नाही. ती जिवाशी निगडित आहे.

ऑटो स्विचमुळे रात्रीची एक फेरी वाचते, सर्व फेऱ्या नव्हेत. पाटपाण्याने भिजवायचे असेल तर वाफा भरल्यावर पाणी पुढच्या सरीत वळवण्यासाठी, म्हणजे 'दारे धरण्यासाठी', माणूस शेतात लागतोच. ऑटोवरील मोटर रात्रभर एकाच वाफ्यात पाणी सोडत राहिली तर माती व खत वाहून जाते. बटाट्यासारखे पीक साचलेल्या पाण्यात सडते. ठिबक संच असलेल्या शेतात, किंवा विहिरीतून शेततळ्यात पाणी भरताना, ऑटोचा खरा उपयोग होतो. त्यामुळे ऑटो घ्यावा की नाही हा प्रश्न पुष्कळदा सिंचनाच्या पद्धतीचा असतो.

उपकरणाची निवड

कमी खर्चात योग्य ऑटो निवडताना सर्वाधिक महत्त्व विलंबाला आहे. काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत विलंब बदलता येणारे ऑटो बाजारात मिळतात आणि साध्या ऑटोपेक्षा ते फार महाग नसतात. एका डीपीवरील शेतकऱ्यांनी आपापसांत ठरवून प्रत्येकी १० सेकंदांच्या फरकाने वेळा लावल्यास वरील उदाहरणातील दहावी मोटर सुमारे दीड मिनिट उशिरा सुरू होते. त्या क्षणी प्रवाह ४५० ऐवजी सुमारे ११२ अँपिअरपर्यंत जातो आणि तोही क्षणभर. हे जमण्यासाठी पैशापेक्षा भाऊबंदांनी एकत्र बसण्याची गरज अधिक, आणि तीच गोष्ट अवघड ठरते.

दुसरी आवश्यक बाब तिन्ही फेज तपासण्याची सोय. फेज कमी असल्यास, दाब फार कमी वा जास्त असल्यास किंवा फेजांचा क्रम उलटल्यास मोटर सुरू होऊ न देणारा ऑटो घेणे हिताचे असते. वाहिनीच्या दुरुस्तीनंतर क्रम उलटला तर मोटर उलटी फिरते व पाणी फारच कमी फेकते. पाणबुडी मोटरसाठी कोरडी चालण्यापासून संरक्षणही हवे. तिचे बेअरिंग पाण्यानेच थंड व वंगणयुक्त राहतात आणि उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की ऑटो हे ओळखू शकत नाही. हाताने दांडी फिरवून चालवायच्या स्टार-डेल्टा स्टार्टरला ऑटो लागू पडत नाही.

विहिरीत उतरण्यापूर्वी किंवा मोटरीला हात लावण्यापूर्वी ऑटो बंद करून मुख्य स्विच खाली ओढणे अनिवार्य आहे. वीज नाही म्हणून निर्धास्तपणे कामाला लागलेल्या माणसाच्या हातात मोटर सुरू होणे, हा या उपकरणाचा सर्वांत गंभीर धोका आहे.

घरगुती 'ऑटो' फळी

घरातील संगणक किंवा खेळयंत्रासाठी मिळणारी स्वयंचलित एक्स्टेंशन फळी हे वेगळे उपकरण आहे. तिच्यातील एका मुख्य खोबणीतील प्रवाह मोजला जातो; मुख्य यंत्र सुरू झाले की पडदा, ध्वनिक्षेपक, दिवे यांच्या खोबण्या सुरू होतात व ते बंद झाले की बंद होतात. तिची निवड करताना मुख्य यंत्राचा विश्रांती अवस्थेतील प्रवाह फळीच्या निश्चित मर्यादेखाली येतो का, हे पाहावे लागते. न आल्यास बाकीची उपकरणे कधीच बंद होत नाहीत. मर्यादा बदलता येणारी फळी म्हणून सोयीची. परदेशी बनावटीची फळी घेताना ती २३० व्होल्टसाठी आहे याची खात्री करणे आवश्यक असते, कारण काही देशांत घरगुती दाब याच्या निम्मा आहे. अशा फळीवर पाण्याची मोटर चालवू नये.

पर्याय

मोबाईल स्टार्टर हा ऑटोचा सुधारित पर्याय मानला जातो. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी विकसित केलेले 'नॅनो गणेश' हे या प्रकारातील आरंभीचे उपकरण असून २००९ साली नोकिया कंपनीच्या नवकल्पना स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले. स्टार्टरला जोडलेल्या मोबाईलवर फोन करून शेतात वीज आहे का हे कळते आणि ठरावीक अंक दाबून मोटर चालू वा बंद करता येते. येथे निर्णय माणसाचा राहतो व सर्व मोटरी एकाच क्षणी सुरू होण्याची शक्यता उरत नाही. मात्र त्यासाठी मळ्यात मोबाईलची रेंज लागते.

दिवसा वीज देण्याच्या उद्देशाने राज्य शासनाने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना जाहीर केली. तिचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला. २०२४ साली ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देण्याची मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनाही आली. बिल नसल्यामुळे मोटर वेळेवर बंद करण्याचे आर्थिक कारण उरत नाही आणि ऑटोवरील मोटर पुरवठा असेल तितके तास चालत राहते. स्वतंत्र सौरपंपाला ऑटो स्विच लागत नाही, कारण त्याचा नियंत्रक पुरेसे ऊन मिळताच पंप सावकाश वेग वाढवत सुरू करतो. सौर वाहिनीवर मात्र डीपी सामाईकच असते. तेथे ऑटोवरच्या मोटरी एकदम सुरू होण्याची वेळ मध्यरात्रीऐवजी सकाळी येते, आणि विलंबाची गरज तशीच राहते.